कोर्टाने मंजूर केलेली पोटगी थकली तर: वसुलीचा रस्ता, पायरीपायरीने

पोटगीचा आदेश झाला की लढाई संपली असं वाटतं. पहिले काही महिने पैसे येतात. मग उशीर व्हायला लागतो, मग निम्मीच रक्कम येते, मग तीही बंद. फोन लागत नाही, मेसेजला उत्तर नाही. इथे बऱ्याच जणी वाट बघत बसतात, की आदेश कोर्टाचा आहे तर कोर्ट काहीतरी करेलच. कोर्ट आपणहून काहीही करत नाही. पैसे आले की नाही याची नोंद कोर्टात कुणी ठेवत नाही. थकबाकी आहे हे सांगणारा अर्ज तुम्हीच द्यायचा असतो, आणि त्यातल्या सर्वांत सोप्या मार्गाला एक वर्षाची मुदत आहे.

हा लेख भारतातल्या कायद्यावर आहे. कोर्टकचेरीचे तपशील महाराष्ट्रातले आहेत. बहुतेक वेळा पोटगी पतीने द्यायची असते म्हणून तशी भाषा वापरली आहे. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली पत्नीनेही पतीला पोटगी देण्याचा आदेश होऊ शकतो, आणि वसुलीची रीत साधारण तीच.

आधी आदेश उघडा आणि कलम शोधा

सगळं यावर अवलंबून आहे. ‘पोटगी’ एकच असली तरी ती वेगवेगळ्या कायद्यांखाली मिळते आणि प्रत्येकाच्या वसुलीचं दार वेगळं आहे.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा आदेश असेल, तर वसुली त्याच कलमाच्या पोटकलम ३ आणि कलम १२८ खाली होते. १ जुलै २०२४ पासून या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिथे हीच कलमं १४४ आणि १४७ झाली. जुन्या १२५ खालचा आदेश त्यामुळे रद्द झालेला नाही. ‘कायदाच गेला, आता आदेश कसला?’ असं समोरून ऐकवलं गेलं तर मनावर घेऊ नका.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालची (दावा चालू असतानाची) किंवा कलम २५ खालची (कायमची) पोटगी असेल, तर कलम २८अ नुसार तो आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या अंतिम निर्णयासारखा, वसूल होतो. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांसाठी हेच काम त्या कायद्याचं कलम ३९अ करतं. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २० खाली रक्कम मंजूर झाली असेल, तर तिथे एक वेगळंच आणि फार उपयोगी पोटकलम आहे. त्याकडे पुढे येऊ. घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांना कलम १२५ चा आधार घेता येतो हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. शिवाय घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांसाठी केलेल्या १९८६ च्या कायद्याच्या कलम ३ खाली आदेश झाला असेल, तर तो न पाळणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कलम सापडलं की आदेशात आणखी चार गोष्टी बघा: रक्कम कुणाला किती (पत्नीला वेगळी, मुलांना वेगळी अशी असते), कोणत्या तारखेपासून, महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत, आणि पैसे बँक खात्यात द्यायचे की कोर्टात भरायचे. त्यानंतर वरच्या कोर्टात अपील किंवा पुनरीक्षण चालू असेल, तर तिथे स्थगिती मिळाली आहे का ते तपासा. नुसतं अपील दाखल केलं म्हणून वसुली थांबत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की आदेश आणि पुढच्या तारखा दिसतात. त्यासाठी दर वेळी कोर्टात खेटे घालायची गरज नाही.

आदेशाची खरी नक्कल, म्हणजे कोर्टाने प्रमाणित केलेली प्रत, हातात नसेल तर आजच नकलेसाठी अर्ज करा. झेरॉक्सवर वसुली होत नाही. कलम १२५ खालच्या आदेशाची प्रत पोटगी मिळणाऱ्याला विनामूल्य द्यायची तरतूद कायद्यातच आहे. नकला विभागात ती मागताना कलम १२८ किंवा नव्या संहितेतलं १४७ सांगा.

थकबाकीचा तक्ता

वसुलीच्या अर्जाचा कणा म्हणजे हिशेब. कोर्टात ‘तो वर्षभर काही देत नाही’ हे वाक्य फारसं कामाचं नाही. महिनावार तक्ता लागतो: महिना, देय तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम, कशी मिळाली, बाकी. उदाहरणार्थ, पत्नीला १०,००० आणि मुलाला ५,००० असा महिना १५,००० रुपयांचा आदेश असेल तर एक ओळ अशी दिसेल:

जून २०२४ – देय १० जून – १५,००० – मिळाले ५,००० (यूपीआय, १८ जून) – बाकी १०,०००

सोबत बँकेचं स्टेटमेंट जोडा. आदेशात ज्या खात्याचा उल्लेख आहे त्याच खात्याचं हवं. नोंदी स्वच्छ असतील तर न्यायाधीशांना दोन मिनिटांत चित्र कळतं.

मिळालेला एकही रुपया लपवू नका. समोरचा नेमकं तेच शोधत असतो. त्याने मुलाच्या शाळेची फी परस्पर भरली, दिवाळीला पाच हजार पाठवले, तर ते तक्त्यात दाखवा आणि शेजारी लिहा की ही रक्कम पोटगीपोटी नाही. ती वळती करायची की नाही हे कोर्ट ठरवेल. पण तुम्ही ती गाळलीत आणि त्याने स्क्रीनशॉट पुढे केला, की बाकीच्या अकरा महिन्यांच्या आकड्यांवरही शंका घेतली जाते.

हिंसाचाराच्या केसमध्ये एक आणि १२५ खाली एक असे दोन आदेश असतील, तर एकाच महिन्याची रक्कम दोन्हीकडे मागू नका. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे, की आधीचा आदेश दुसऱ्या कोर्टापुढे उघड करायचा आणि रकमेची वजावट विचारात घ्यायची. हा निकाल पुढे अनेकदा लागेल, नाव लक्षात ठेवा.

एक वर्षाची रेघ

कलम १२५ (नव्या संहितेत १४४) खालच्या वसुलीत वॉरंट काढायचं, तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा. याचा अर्थ वरच्याच उदाहरणात पाहू. समजा जानेवारी २०२४ पासून पैसे थांबले, आणि अर्ज दिला २० मे २०२५ ला. तर २० मे २०२४ नंतर देय झालेले हप्ते, म्हणजे १० जून २०२४ पासून १० मे २०२५ पर्यंतचे बारा, या अर्जात येतील. जूनचे ५,००० वजा जाता १,७५,००० रुपये. जानेवारी ते मे २०२४ या पाच हप्त्यांचे ७५,००० मात्र वॉरंटच्या मार्गाने मागता येणार नाहीत.

ते ७५,००० बुडाले का? नाही. ही मुदत फक्त वॉरंट आणि कैदेच्या मार्गाला आहे, रक्कम मागण्याचा हक्क शिल्लक राहतो आणि ती दिवाणी मार्गाने वसूल करता येते, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं. तरी दिवाणी मार्ग लांबचा आहे, म्हणून ही रेघ ओलांडू देऊ नका. दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीला मुदत बारा वर्षांची असते, आणि दरमहाच्या रकमेत ती प्रत्येक हप्ता चुकल्याच्या तारखेपासून मोजतात.

आणखी एक दिलासा: मुदतीत दिलेला अर्ज प्रलंबित असताना पुढचे महिने थकत गेले, तर त्यासाठी दर वेळी नवा अर्ज लागत नाही. चालू अर्जातच पुढची थकबाकी जोडण्याची परवानगी मागता येते. २००५ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने हा मार्ग मान्य केला आहे. काही ठिकाणी कार्यालय तरीही नवीन अर्ज करायला सांगतं. तो दिलात तरी नुकसान नाही, फक्त तारखा सांभाळा.

माझं मत स्पष्ट आहे: तीन हप्ते चुकले की अर्ज टाकावा. अकराव्या महिन्यापर्यंत थांबून समोरच्याच्या मनाचा ठाव घेत बसण्यात काही मिळत नाही. रक्कम लहान असते तेव्हा ती भरणंही त्याला सोपं जातं.

अर्जाआधी वकिलाची नोटीस द्यावी लागते का? नाही, सक्ती नाही. एक साधा लेखी मेसेज किंवा ईमेल पुरतो: अमुक महिन्यांची अमुक रक्कम बाकी आहे, सात दिवसांत आदेशातल्या खात्यात भरावी. त्याचं उत्तर ‘जमत नाही’ असं आलं तरी तो पुरावाच झाला, कारण पैसे दिलेले नाहीत हे त्यात आपोआप कबूल होतं.

माणसाच्या आधी पैसा शोधा

बहुतेक अर्जांत पूर्ण जोर ‘त्याला अटक करा’ यावर असतो. राग समजण्यासारखा आहे. पण वसुलीत यश बहुधा त्यांनाच येतं, ज्यांच्या अर्जात मालमत्तेची यादी असते. कोर्ट जप्ती करू शकतं. काय जप्त करायचं हे शोधून देणं तुमच्याकडे आहे.

सुरुवात मूळ प्रकरणाच्या कागदांपासून करा. रजनेश निकालानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात नोकरीचं ठिकाण, बँक खाती, ठेवी, विमा पॉलिसी, गाड्या, जमीन, सगळं त्याच्याच सहीने लिहिलेलं असतं. ही फाईल कपाटात पडून असते आणि वसुलीच्या वेळी कुणाला आठवत नाही.

शेतजमीन असेल तर सातबारा महाभूलेखवर बघता येतो. शहरी जागेचं मालमत्ता पत्रकही तिथेच. खरेदी-विक्रीच्या दस्तांची सूची, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सापडते. वडिलोपार्जित जमिनीत सामाईक हिस्सा असला तरी तो नोंदवा. त्याच्या हिश्श्यापुरती कारवाई होऊ शकते. भाड्याने दिलेला फ्लॅट असेल तर भाडेकरूचं नाव मिळवा, कारण भाडं हे त्याचं येणं आहे आणि येणंही जप्त होतं. नोकरी बदलली असेल तर नव्या कंपनीचं नाव, कार्यालयाचा पत्ता, शक्य झाल्यास मनुष्यबळ विभागाचा पत्ता. यातलं काही ऑनलाइन प्रोफाइलवर तो स्वतःच अभिमानाने लिहितो.

काहीच माहीत नसेल तर दिवाणी दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या वसुलीच्या प्रकरणात) दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ‘आदेश २१’ या प्रकरणातल्या नियम ४१ खाली अर्ज करून त्याला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावता येतं. कोर्टाचा तो हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

पहिला मार्ग: दंडाधिकारी किंवा कौटुंबिक न्यायालयातला वसुली अर्ज

जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे १२५/१४४ चे वसुली अर्ज तिथेच चालतात. नसेल तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पती दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल, तर कलम १२८ (आता १४७) नुसार तो जिथे आहे तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही आदेशाची अंमलबजावणी मागता येते. त्यांना दोनच गोष्टी पटवाव्या लागतात: आदेशातली माणसं हीच, आणि रक्कम दिलेली नाही. मूळ आदेश बरोबर की चूक हा वाद तिथे उकरून काढता येत नाही.

अर्ज लांबलचक नको. मूळ प्रकरणाचा क्रमांक, आदेशाची तारीख, रक्कम, थकबाकीचा कालावधी, एकूण आकडा, स्थगिती नसल्याचं विधान, मालमत्तेची यादी, आणि विनंती. सोबत खरी नक्कल, तक्ता, बँक स्टेटमेंट, प्रतिज्ञापत्र. संसारातल्या भांडणांची कहाणी पुन्हा लिहू नका, ती आदेशातच संपली आहे.

विनंतीचा क्रम महत्त्वाचा. कायदा म्हणतो, आधी दंड वसूल करतात त्या रीतीने रक्कम वसूल करण्याचं वॉरंट: जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री, किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली. त्यातून जे वसूल झालं नाही, त्यासाठी कैद: एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी पैसे भरले तर तेव्हापर्यंत. जप्तीची पायरी गाळून थेट अटकेचं वॉरंट मिळवलं, तर समोरचा वरच्या कोर्टात जाऊन तेवढ्या मुद्द्यावर ते रद्द करून आणू शकतो आणि तुमचे सहा महिने जातात. म्हणून दोन्ही मागा, पण क्रमाने.

एकाच अर्जावर अनेक महिन्यांच्या थकबाकीसाठी एक महिन्याहून जास्त कैद देता येते का, यावर वेगवेगळ्या न्यायालयांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. त्याबाबत आपल्या वकिलाशी बोला. एक गोष्ट मात्र पक्की: तुरुंगात जाऊन आलं म्हणून रक्कम फिटत नाही. कुलदीप कौर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे निःसंदिग्ध सांगितलं. कैद हा वसुलीसाठीचा दबाव आहे. ‘महिनाभर आत राहीन पण पैसे देणार नाही’ म्हणणाऱ्याला हे वाक्य कोर्टातच ऐकवलं जातं, तेव्हा त्याचा सूर बऱ्याचदा बदलतो.

वॉरंट परत येतं तेव्हा

वसुलीचं घोडं अडतं ते इथे. वॉरंट निघतं, पोलीस ठाण्यात जातं, आणि पुढच्या तारखेला शेरा येतो: ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ पुन्हा वॉरंट, पुन्हा तोच शेरा.

यावर उपाय कायद्याच्या पुस्तकात कमी आणि पाठपुराव्यात जास्त आहे. अर्जातच त्याचे सगळे पत्ते द्या: राहता, आईवडिलांचा, कामाचा. फोन नंबर, अलीकडचा फोटो, ड्युटीची वेळ, गाडीचा नंबर लिहून द्या. वॉरंट निघालं की कोर्टाच्या लिपिकाकडून जावक क्रमांक आणि ते कोणत्या पोलीस ठाण्याला गेलं ते टिपून घ्या. तीन-चार दिवसांनी त्या ठाण्यात समन्स-वॉरंटचं काम कोणत्या अंमलदाराकडे आहे ते विचारा, आणि माहितीचा कागद पोच घेऊन द्या. वॉरंट टपालात अडकत असेल तर ते हमदस्त मिळावं, म्हणजे हातोहात पोचवायची परवानगी मिळावी, अशी विनंती कोर्टाला करता येते.

पुन्हा तोच शेरा आला तर त्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडून लेखी अहवाल मागवावा असा अर्ज द्या. पोच घेतलेला कागद तेव्हा कामाला येतो. तो मुद्दाम चुकवत आहे हे दिसलं तर फरारी घोषित करण्याची आणि मालमत्ता जप्तीची प्रक्रिया मागता येते. पासपोर्ट कायद्याच्या कलम १० मध्ये कोर्टाचं वॉरंट निघालेल्या व्यक्तीचा पासपोर्ट अडकवण्याची तरतूद आहे. परदेशी जाऊन बसण्याच्या बेतात असलेल्याला या एका पत्राने घाई होते.

दुसरा मार्ग: पगारातूनच कपात

समोरचा पगारदार असेल तर माझी पहिली पसंती याला. दर महिन्याला त्याच्या मर्जीची वाट बघण्याऐवजी पैसे त्याच्या हातात पडण्याआधीच वळवले जातात.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २०, पोटकलम ६ त्यासाठीच आहे. रक्कम दिली नाही तर दंडाधिकारी त्याच्या मालकाला, म्हणजे नोकरी देणाऱ्याला, थेट आदेश देऊ शकतात की पगाराचा अमुक भाग तिला द्या किंवा कोर्टात भरा. त्याचं कुणाकडून येणं असेल तर त्या देणेकऱ्यालाही असाच आदेश होतो. अर्जाला त्याच्या कंपनीचं अचूक नाव आणि पगार देणाऱ्या कार्यालयाचा पत्ता लागतो. शाखेचा पत्ता देऊन चालत नाही, कारण पगार मुख्यालयातून निघतो आणि आदेश शाखेच्या टेबलावर पडून राहतो.

हिंदू विवाह कायद्याखालचा आदेश असेल तर दिवाणी दरखास्त दाखल करून आदेश २१ खाली पगार जप्त होतो: सरकारी, रेल्वे, स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी नियम ४८, खासगी नोकरीसाठी ४८अ. आदेश मिळूनही कापून पाठवलं नाही, तर ती रक्कम मालकाच्याच अंगावर येते.

किती कापता येतं, ते कमी जणांना माहीत असतं. साध्या कर्जाच्या वसुलीत दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पगाराचा मोठा भाग सुरक्षित ठेवतं: पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश. पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित असतो. म्हणजे जप्तीस पात्र पगार ४५,००० असेल तर ३०,००० पर्यंत जप्त होऊ शकतात. शिवाय साध्या कर्जात पगाराची जप्ती एकूण २४ महिने चालली की थांबवावी लागते. पोटगीला ही मर्यादा लागू नाही. भविष्य निर्वाह निधीला मात्र संरक्षण आहे, तिकडे वेळ घालवू नका. सरकारी पेन्शनलाही कलम ६० चं कवच आहे, पण पत्नीच्या पोटगीसाठी ती जप्त होऊ शकते असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेला आहे.

दरखास्तीत पगाराखेरीज बँक खातं गोठवणं, ठेवी, शेअर, स्थावर मालमत्ता हे सगळं येतं. पती दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर हुकूमनामा कलम ३९ खाली तिथल्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. दिवाणी कैदही मागता येते: पाच हजारांहून जास्त रकमेसाठी तीन महिन्यांपर्यंत. पण त्यासाठी त्याच्याकडे ऐपत असून तो देत नाही हे दाखवावं लागतं, आणि तुरुंगातला त्याचा निर्वाह भत्ता आधी दरखास्तदारालाच भरावा लागतो. ऐकून अनेकींना धक्का बसतो.

ज्याचा धंदा रोखीचा आहे, दुकान भावाच्या नावावर आहे, गाडी मित्राच्या नावावर, त्याच्याबाबत मात्र पगारजप्ती निरुपयोगी. तिथे जमिनीवर किंवा घरावर लक्ष ठेवा. कायमच्या पोटगीचा आदेश होतानाच कलम २५ खाली त्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवण्याची मागणी करता येते. बोजा सातबाऱ्यावर चढला की गुपचूप विक्री अवघड होते. मूळ दावा अजून चालू असेल तर ही मागणी आत्ताच वकिलाला सांगा; नंतर ती मिळवणं जास्त कष्टाचं.

दावा अजून चालू असेल तर

अंतरिम पोटगी थकवून तोच माणूस घटस्फोटाचा दावा पुढे रेटत असेल, तर त्याचा बचाव काढून टाकावा किंवा त्याच्या दाव्याचं काम पोटगी भरेपर्यंत थांबवावं, असा अर्ज करता येतो. रजनेश निकालाने बचाव काढून टाकणं हा शेवटचा उपाय मानला आहे: चूक जाणूनबुजून आणि मुजोरीची आहे असं कोर्टाला दिसलं पाहिजे. म्हणून आधी वसुली अर्ज, त्यावरचे आदेश, त्याने मोडलेल्या मुदती, अशी नोंद तयार करा आणि मग हा अर्ज टाका.

संमतीने घटस्फोट होऊन एकरकमी पोटगीचे हप्ते ठरले असतील आणि ते चुकले, तर बघायचं हे की त्याने नुसती तडजोड केली होती की कोर्टाला हमी लिहून दिली होती. हमी मोडली तर न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज होऊ शकतो; त्यालाही मुदत एक वर्षाचीच. नुसती तडजोड हुकूमनाम्याचा भाग असेल तर दरखास्त.

तो हजर झाला, आता काय म्हणेल

‘नोकरी गेली.’ गेली असेलही. मग त्याने कलम १२७ (आता १४६) किंवा हिंदू विवाह कायद्याच्या २५(२) खाली रक्कम कमी करण्याचा अर्ज करायला हवा होता. तो अर्ज केला तरी कोर्टाचा आदेश होईपर्यंत जुनी रक्कम चालूच राहते. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही पत्नी-मुलांना पोसलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये बजावलं आहे.

‘ती आता कमावते.’ हाही बदलाच्या अर्जाचा मुद्दा, थकबाकी न देण्याचा नाही. तुमचा पुनर्विवाह झाला असेल तर मात्र चित्र बदलतं. ते लपवू नका. मुलांची रक्कम त्यानेही थांबत नाही.

‘नांदायला ये, मग देतो.’ लग्न टिकून असेल तेव्हा १२५ मध्ये हा प्रस्ताव कोर्टाला विचारात घ्यावा लागतो. नकाराची कारणं ठोस असतील, म्हणजे मारहाण, दुसरं लग्न वगैरे, तर वॉरंट थांबत नाही. कारणं लेखी द्या.

‘बँकेचं कर्ज आहे, हप्ते आहेत.’ डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोटगीच्या थकबाकीला धनकोंच्या देण्यापुढे प्राधान्य दिलं आहे. गाडीचा हप्ता आधी आणि मुलाचं दूध नंतर, हा हिशेब कोर्टात चालत नाही.

मग येतो हप्त्यांचा प्रस्ताव. सरसकट नाकारू नका. दीड लाखांपैकी पन्नास हजार आजच डिमांड ड्राफ्टने आणि उरलेले चार महिन्यांत, चालू पोटगी वेगळी, असा प्रस्ताव असेल तर तो बरा. अट एकच ठेवा: हप्ता चुकला तर वॉरंट लगेच पुन्हा निघेल, हे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, लिहून घ्या. बाहेर व्हरांड्यात हातात रोख दिलेली रक्कम घेऊ नका. घ्यावीच लागली तर त्याच दिवशी कोर्टात पुरसीस, म्हणजे छोटं लेखी निवेदन, देऊन नोंद करा. आणि ‘पूर्ण थकबाकी मिळाली, तक्रार नाही’ अशा मजकुरावर, वाचल्याशिवाय आणि खात्यात पैसे दिसल्याशिवाय, सही करू नका. वकिलांच्या टेबलावर घाईघाईत झालेल्या या एका सहीने अख्खी वसुली संपलेली दिसते.

खर्च आणि वकील

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, मुलांनाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं आणि तालुक्याला समितीचं कार्यालय असतं. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ च्या शासन अधिसूचनेने. दाखल करताना खिडकीवर फी मागितली तर हे सांगा.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, परवानगीने मिळतो. वसुलीचा साधा अर्ज स्वतः चालवणाऱ्या बायका तिथे रोज दिसतात, आणि तक्ता नीट असेल तर त्या अडत नाहीत. दरखास्त, पगारजप्ती, दुसऱ्या जिल्ह्यात हुकूमनामा वर्ग करणं यासाठी मात्र वकील घ्या, मोफतवाला का होईना. पहिल्या भेटीला जाताना आदेशाची खरी नक्कल, थकबाकीचा तक्ता, बारा-पंधरा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, त्याचं मालमत्तेचं जुनं प्रतिज्ञापत्र आणि नोकरीचा पत्ता सोबत न्या. एवढं असेल तर अर्ज त्याच आठवड्यात दाखल होऊ शकतो.